लहान ट्रॅक्टरमागे बॅकहो : कोल्हापूरच्या उद्यमनगरात बसवून घेतलेल्या अटॅचमेंटचा अभिप्राय

लहान ट्रॅक्टरला बॅकहो, म्हणजे मागे बसणारे खोदण्याचे यंत्र, जोडायचा म्हटले की चौकशी सहसा तीन गोष्टींची होते: किती फूट खोल जातो, बकेट केवढी आहे आणि किंमत किती. माझ्या मते या तिन्हींच्या आधी विचारायचा प्रश्न निराळा आहे. हे सगळे वजन आणि खोदताना बसणारी ओढ ट्रॅक्टरच्या नेमक्या कोणत्या भागावर येणार, हे विक्रेत्याला सांगता आले पाहिजे. शिवाजी उद्यमनगरातील एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यातून मी माझ्या २७ अश्वशक्तीच्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरवर बॅकहो बसवून घेतला आणि उन्हाळ्यात तसेच पावसाळा सरल्यानंतरच्या ओल्या जमिनीतही तो वापरून पाहिला. कारखान्याचे काम एकंदरीत चांगले आहे, परंतु काही तक्रारीही आहेत, म्हणून नाव न देता लिहितो.

तासाच्या भाड्याने जेसीबी गावोगाव मिळत असताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडे सर्रास दिसणारा थ्रीडीएक्स जातीचा जेसीबी साडेसात टनांच्या आसपास वजनाचा असतो आणि साडेचार मीटरहून खोल खणू शकतो. विहिरीचा गाळ काढायचा असेल, शेततळे करायचे असेल किंवा माळावरचा मुरूम उपसायचा असेल, तर त्याच्याशी बरोबरी करण्याचा विचारही मनात आणू नये. तासाचे भाडे मोजून काम झटपट उरकते. माझी कामे मात्र वेगळी आहेत. नदीवरून आलेल्या पाइपलाइनची गळती उभ्या उसात शोधायची असते, चरातला गाळ काढायचा असतो, गोठ्याशेजारी शोषखड्डा घ्यायचा असतो, कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे घ्यायचे असतात. पंचगंगेकाठच्या काळ्या जमिनीत पावसानंतर कित्येक आठवडे जड यंत्र घालता येत नाही, आणि घातलेच तर चाकाखालची जमीन इतकी दाबली जाते की पुढच्या पिकापर्यंत तिथे ऊस खुरटलेलाच दिसतो. गळती काढायला गेलो आणि दोन सऱ्या गमावून आलो, असा तो हिशेब होतो. त्यात पाणंद अरुंद असेल तर जेसीबी शेतापर्यंत पोहोचतच नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठच्या शिवारांत चर गाळाने भरले, तेव्हा भाड्याचे यंत्र ज्याला त्याला एकाच वेळी हवे होते, हेही विसरता येत नाही. शिरोळ भागात क्षारपड जमिनीसाठी सच्छिद्र पाइपांची भूमिगत निचरा व्यवस्था सुमारे एक-सव्वा मीटर खोलीवर टाकतात. तिच्या एखाद्या फांदीची दुरुस्ती करायची झाली तर लहान बॅकहोची खोली पुरेशी आणि अरुंद बकेट अधिक सोयीची ठरते.

बाजारात फिरल्यावर दिसले की राजकोट आणि पंजाबकडून येणारे बहुतेक ट्रॅक्टर-बॅकहो पंचेचाळीस अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांसाठी घडवलेले असतात. त्यांचाच छोटा अवतार म्हणून जे काही पंचवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर चालेल असे सांगितले जाते, त्यातले बरेचसे थ्री पॉइंट लिंकेजला, म्हणजे नांगर-रोटाव्हेटर अडकवतो त्याच दांड्यांना अडकवायचे असते. दहा मिनिटांत लावा, दहा मिनिटांत काढा, ही त्याची जाहिरात. ती खरीही आहे. पण हा प्रकार मी पहिल्याच फेरीत बाजूला ठेवला आणि तसे का केले हे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

लिफ्टचे खालचे दोन दांडे वजन वर उचलण्यासाठी असतात. वजन खाली दाबून धरण्याची सोय बहुतेक ट्रॅक्टरांच्या लिफ्टमध्ये नसते. नांगराला त्याची गरज नसते, कारण तो जमिनीत स्वतःच ओढला जातो. बॅकहोचे काम याच्या उलट चालते. बूम, म्हणजे त्याचा खोदणारा हात, खाली दाबला आणि बकेटच्या दातांना खाली कठीण थर लागला की बकेट जागेवर राहते आणि बॅकहोचा सांगाडाच वर उचलला जाऊ लागतो. दांडे त्याला अडवत नाहीत. अशा वेळी टॉप लिंक, म्हणजे वरचा तिसरा दांडा, वाकली किंवा तिची पिन तुटली, तर संपूर्ण सांगाडा पुढे कलंडतो आणि त्याच्याच आसनावर बसलेला चालक ट्रॅक्टरच्या आसनात किंवा रोलबारमध्ये चेपला जातो. हा धोका काल्पनिक नाही. थ्री पॉइंटवर बसणाऱ्या बॅकहोबद्दल यंत्र वापरणाऱ्यांना यासाठीच सावध केले जाते. लिफ्टच्या क्षमतेचा आकडाही इथे फसवा ठरतो. या वर्गातल्या ट्रॅक्टरांच्या पत्रकात साधारण साडेसातशे किलो क्षमता लिहिलेली असते, पण ती दांड्यांच्या टोकाशी मोजलेली असते. बॅकहोच्या वजनाचा मध्य तिथून बराच मागे पडत असल्यामुळे प्रत्यक्षात उचलता येणारे वजन पुष्कळ कमी होते.

दुसरी अडचण ट्रॅक्टरच्या अंगाची आहे. लहान ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचे डिफरन्शियल हाउसिंग एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तीच त्याची चेसिस असते. ही हाउसिंग बहुधा बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे बीड म्हणजे काय हे कोल्हापुरात निराळे समजावून सांगावे लागत नाही: दाब सहन करण्यात बीड पटाईत, ताण सहन करण्यात दुबळे. साध्या ग्रे बिडाची ताण सोसण्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढीच असते, आणि वाकण्याऐवजी ते तडकते. बॅकहोने मागून ट्रॅक्टरला वारंवार हिसके दिले की ट्रॅक्टर मधोमध वाकवण्याचा प्रयत्न होतो, आणि तो सगळा ताण हाउसिंगच्या जोडांवर व बोल्टच्या भोकांवर येतो. आमच्या मिस्त्रींनी हेच एका वाक्यात सांगितले: "फ्रेम पोटाखालनं पुढंपर्यंत न्यायची, नाहीतर हौसिंगला तडा गेलाच म्हणून समजा."

सबफ्रेम म्हणजे ही पोटाखालून जाणारी फ्रेम. माझ्या ट्रॅक्टरवर मागच्या ॲक्सलच्या दोन्ही नळ्यांना क्लॅम्प आहेत, तिथून दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या पुढे जातात आणि समोरच्या लोडरसाठी कंपनीने ठेवलेल्या आट्यांच्या भोकांत बसतात. बॅकहो या फ्रेमच्या मागच्या टोकाला चार पिनांनी अडकतो. खोदण्याची ओढ त्यामुळे फ्रेममधून जाते आणि बिडाच्या जोडांना ताण जवळजवळ पोहोचत नाही. ही पद्धत महाग आहे, कारण फ्रेम त्या-त्या मॉडेलसाठीच घडवावी लागते आणि दुसऱ्या ट्रॅक्टरला ती चालत नाही. तरीही पैसे कमी पडत असतील तर बॅकहो लहान घ्यावा, फ्रेममध्ये काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसवण्याचे काम पाहण्यासारखे होते. मिस्त्रींनी ट्रॅक्टर दोन्ही बाजूंनी घोड्यांवर घेतला, फोर व्हीलचा मधला शाफ्ट, ऑइल काढण्याचा बोल्ट आणि क्लच हाउसिंगचे तपासणीचे भोक या तिन्ही ठिकाणी हात पोहोचेल अशा बेताने पुठ्ठ्याचे साचे कापले, आणि त्या साच्यांवरून पट्ट्या घडवल्या. फ्रेम जागेवर फक्त टाचून घेतली. पूर्ण वेल्डिंग ती खाली काढून टेबलावर केले, ट्रॅक्टरच्या अंगावर वेल्डिंगचा एक थेंबही पडू दिला नाही. वेल्डिंगने फ्रेम किंचित ओढली गेली आणि पुन्हा लावताना एक भोक दोनेक मिलिमीटर सरकलेले निघाले. अशा वेळी गॅस कटरने भोक लांबट करून मोकळे होणारे पुष्कळ असतात. इथे ती पट्टी परत कापून नवीन भोकासह जोडली गेली. बोल्ट १६ मिलिमीटरचे, ८.८ ग्रेडचे आहेत आणि ते टॉर्क पान्ह्याने सुमारे २०० न्यूटन-मीटरला आवळले. पहिल्या काही तासांच्या कामानंतर ते सगळे पुन्हा आवळण्याची ताकीदही मिळाली. प्रत्यक्षात त्यांतले काही खरोखरच पाव फेरा फिरले.

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर हे काम करण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी "काही अडचण नाही" असे हसतमुखाने सांगणारे गृहस्थ दोन ओळी लिहून मागताच चहाचा आग्रह करू लागतात, हा माझा अनुभव आहे.

हायड्रॉलिकच्या बाबतीत दोन मार्ग असतात: ट्रॅक्टरच्या अंगच्या पंपातून तेल घ्यायचे, किंवा मागच्या पीटीओवर, म्हणजे अवजारांना इंजिनाची ताकद देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर, स्वतंत्र पंप बसवून त्याला स्वतंत्र टाकी द्यायची. मी दुसरा मार्ग घेतला. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे देतो आणि साध्या गिअर पंपाला इतक्या कमी वेगात नीट काम करता येत नाही, म्हणून मध्ये वेग तिप्पट करणारा छोटा गिअरबॉक्स असतो. पंप एका फेऱ्याला २० घन सेंटिमीटर तेल ढकलतो. १६२० फेऱ्यांना गुणले की मिनिटाला सुमारे ३२ लिटर होतात. दाब १६० बार धरला तर प्रवाह गुणिले दाब भागिले ६०० या सूत्राने साडेआठ किलोवॉटच्या पुढे, म्हणजे बारा अश्वशक्तीच्या जवळपास लागतात, आणि गळती-घर्षणाचा वाटा धरून चौदापर्यंत. २७ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर वीसहून अधिक मिळत असल्याने इंजिनाचा दम कोंडत नाही. अंगच्या पंपाचा प्रवाह याच्या निम्म्याच्या आसपास आहे. त्यावर बॅकहो चालला असता, पण प्रत्येक हालचाल दुप्पट वेळ घेणारी झाली असती. शिवाय अंगचे तेल म्हणजे गिअरबॉक्सचेच तेल. होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, फुटून ते गेले किंवा बाहेरचा कचरा त्यात शिरला, तर भुर्दंड गिअरबॉक्सला पडतो. स्वतंत्र टाकीत ही भीती उरत नाही. टाकी चाळीस लिटरची आहे आणि परतीच्या नळीवर फिल्टर आहे. फिल्टर नसलेली टाकी कोणी स्वस्तात देऊ केली तर नाकारावी.

कॅटलॉगमध्ये ठळक छापलेली खोदण्याची ताकद कितपत खरी मानायची, हेही याच आकड्यांवरून कळते. ५० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर १६० बार दाबाला सव्वातीन टनांच्या आसपास जोर लावतो. तरफेच्या हिशेबाने दातांपाशी त्यातला तिसरा-चौथा हिस्सा, म्हणजे आठशे ते हजार किलो उरतो. ट्रॅक्टर, फ्रेम, बॅकहो, पुढची वजने आणि चालक मिळून माझे एकूण वजन सव्वा टनाच्या घरात जाते. ओलसर मातीत याच्या निम्मीच पकड धरली, तर सहाशे-साडेसहाशे किलोच्या ओढीला अख्खा ट्रॅक्टरच खड्ड्याकडे घसरू लागतो. सिलिंडर थकण्याच्या आधी पकड संपते. म्हणून याहून मोठा सिलिंडर लावून देतो असे कोणी म्हणाले तर त्याचा उपयोग फक्त फ्रेमवर अधिक ताण आणण्यासाठी होईल.

पुढच्या वजनांचा हिशेबही आधीच करून घ्यावा. बॅकहो साधारण ३६० किलोचा आहे आणि त्याच्या वजनाचा मध्य मागच्या ॲक्सलपासून सुमारे ७५ सेंटिमीटर मागे येतो. ट्रॅक्टरच्या दोन ॲक्सलमधील अंतर १५६ सेंटिमीटर असल्यामुळे पुढच्या चाकांवरचे जवळजवळ १७० किलो वजन उचलले जाते. या आकाराच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात तरी कितीसे असते? स्टिअरिंग नीट चालायला एकूण वजनाचा पाचवा हिस्सा तरी पुढे हवा, हा सर्वमान्य ठोकताळा आहे. तो गाठण्यासाठी नाकाशी शंभर किलोची बिडाची वजने लावावी लागली. त्यांच्याशिवाय बांध चढताना पुढची चाके हवेत जातील.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. एक फुटी बकेटने काळ्या जमिनीत पाच फूट खोल पाइपलाइनचा चर सहज निघतो. दोन फुटी बकेटचा मोह टाळला हे योग्यच झाले, कारण एवढ्या लहान यंत्राचा जोर रुंद बकेटच्या दातांवर विभागून निष्प्रभ होतो. पावसाळ्यानंतरची चिकट माती मात्र बकेटला चिकटून बसते आणि दर चार-सहा घासांनी फावड्याने खरवडावी लागते. मुरमात दात उपयोगी पडतात, पण थर सरळ खाली दाबून फुटत नाही, बाजूने कातरत जावे लागते. पन्हाळ्याकडे एका नातेवाइकांच्या जागेत जांभ्यातही चालवून पाहिला. खालचा ओलसर, अद्याप वारा न लागलेला जांभा निघतो, वरचा उघड्यावर पडून कठीण झालेला थर निघत नाही. काळ्या पाषाणाला तर लागूच नये.

तक्रारी अशा. चालकाच्या पायांजवळून जाणाऱ्या होजांना बाहेरून संरक्षक वेष्टण नव्हते आणि बूम वळताना त्यांतली एक फ्रेमच्या धारेवर घासत होती. कारखान्याने ती विनातक्रार बदलून दिली, परंतु हे आधीच सुचायला हवे होते. बूम डावी-उजवीकडे टोकापर्यंत गेला की दणकन आदळतो, कारण वळवण्याच्या सिलिंडरांना टोकाशी वेग कमी करणारी कुशनची सोय नाही. सवयीने हात हलका ठेवता येतो, पण फ्रेमच्या वेल्डिंगला हे हिसके मानवणार नाहीत. खोदताना यंत्र स्थिर धरणाऱ्या टेकूच्या पायांचे तळवे लहान होते आणि ओल्या जमिनीत सरळ आत रुतत. मी ते बाहेरून रुंद पत्र्याचे करून घेतले. कोणता लिव्हर कशाचा हे लिहिलेलेच नाही, आसन म्हणजे नुसता पत्रा आहे, आणि डोक्यावर छपराचा विचारही झालेला नाही. एप्रिलच्या उन्हात हे जाणवते. पिना आणि बुश मात्र उत्तम आहेत, प्रत्येकाला ग्रीस निपल आहे आणि सगळ्यांपर्यंत ग्रीसगन पोहोचते.

बॅकहो काढण्या-लावण्याला दोन माणसे आणि अर्धा-पाऊण तास लागतो. सपाट फरशी असेल तर बॅकहो स्वतःच्या पायांवर व बकेटवर उभा राहतो आणि त्याच्याच हायड्रॉलिकने उंची जुळवून पिना बसवता येतात. मातीवर हेच काम वैताग आणते. तो लावलेला असताना रोटाव्हेटर चालत नाही, आणि फ्रेम कायम पोटाखाली राहत असल्याने जमिनीपासूनची उंची चार बोटे कमी होते, त्यामुळे उंच सरीत जपून जावे लागते. ज्यांच्याकडे हा एकच ट्रॅक्टर आहे आणि मशागतही त्याच्यावरच आहे, त्यांनी हा मुद्दा किमतीइतकाच महत्त्वाचा मानावा.

रस्त्याने नेताना बूम आणि वळण या दोन्हींच्या लॉकपिना घातल्याच पाहिजेत. बूम दुमडलेला असतानाही तो माणसाच्या उंचीहून बराच वर जातो, आणि शेतातून गेलेल्या मोटारीच्या लोंबत्या वायरी कुठे आहेत हे आधी पाहून ठेवलेले बरे. होजमधून बारीक फवारा उडताना दिसला तर हात लावून शोधू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. त्या दाबाचे तेल कातडीखाली शिरले तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावे लागते.

फ्रेम, पंप, टाकी आणि पुढची वजने धरून खर्च तीन लाखांच्या बराच पुढे गेला. वर्षाकाठी दहा-वीस तासांचेच काम असेल तर भाड्याचा जेसीबी स्वस्त पडेल, यात शंका नाही. शेजारपाजारची निचरा आणि पाइपलाइनची कामे घेणार असाल, किंवा उभ्या पिकात वारंवार शिरावे लागत असेल, तरच हा व्यवहार परवडतो. कारखान्याशी बोलणी करताना वळणाच्या सिलिंडरांना कुशन, टेकूच्या पायांना तेल अडवून ते जागीच धरणारे लॉक व्हॉल्व्ह, होजांना वेष्टण आणि रुंद तळवे या चार गोष्टी कोटेशनमध्ये लिहून घ्याव्यात, कारण मागाहून त्या महाग पडतात. शेवटची रक्कम देण्याआधी संध्याकाळी पाय टेकवून, बूम अर्ध्यावर उचलून इंजिन बंद करावे आणि सकाळी जाऊन पाहावे. बूम रात्रीतून थोडा खाली आलेला चालतो, कारण व्हॉल्व्हमधून थोडे तेल झिरपतेच. पाय मात्र तसूभरही सरकलेला नसावा. सरकला असेल तर तो लॉक व्हॉल्व्ह बदलून मिळाल्यावरच धनादेशावर सही करावी.